मानाची चावी

घरातल्या माणसापासून काही कुलुपात ठेवलं की आपल्याकडे माणसं दुखावतात. सुनेने कपाटाची किल्ली स्वतःजवळ ठेवली तर सासूचा चेहरा उतरतो. मुलीने मोबाईलला कुलूप लावलं तर वडील विचारतात, आमच्यापासून लपवण्यासारखं असं काय आहे? जिथे माया आहे तिथे कुलूप कशाला, असं आपण धरूनच चालतो. या समजुतीपायी अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका चांगल्या घरात काय घडलं, ते सांगायचं आहे.

त्या घरात शेखर राहतो. दुकानदारांना बिलाचे प्रोग्रॅम बसवून देणं हा त्याचा व्यवसाय. घरात त्याची आई माणिकबाई आणि बायको रागिणी. त्यांचा समाज मूळचा भाजीपाला आणि फुलं पिकवणारा. गावोगावी विखुरलेला, पण लग्नाच्या वेळी एकत्र येणारा. दर वर्षी अमरावतीला वधू-वर परिचय मेळावा भरतो. पूर्वी त्यात मुलामुलींच्या माहितीची पुस्तिका छापत. मग कोणा हौशी तरुणाने ती सगळी माहिती एका फुकटच्या वेबसाईटवर टाकली, आणि मुलींना नको त्या माणसांचे फोन येऊ लागले. एका मुलीने तर नंबर बदलला, तरी फोन थांबेनात.

ते पाहून शेखरचा जीव कळवळला. तो समाजाच्या बैठकीत म्हणाला, आपल्या लेकींची माहिती परक्याच्या दारात कशाला ठेवायची? मी माझ्या घरी ठेवतो.

ज्या कॉम्प्युटरवर माहिती साठवतात आणि जिथून ती बाकीच्यांना आपापल्या मोबाईलवर पाहता येते, त्याला सर्व्हर म्हणतात. बहुतेक लोक तो भाड्याने घेतात आणि तो दूर कुठेतरी असतो. शेखरने तो स्वतः जोडला आणि देवघराला लागून असलेल्या खोलीत ठेवला, कारण घरातली तीच खोली थंड. अकोल्याचा उन्हाळा माणसाला सोसत नाही, तिथे यंत्राला काय सोसणार? माणिकबाईंनी आपल्या धान्याच्या कोठ्या तिथून हलवल्या. इन्व्हर्टरची जोड दिली गेली. एप्रिल-मेमध्ये घरची माणसं हॉलमध्ये कूलरसमोर झोपत आणि घरातला एकुलता एक एसी त्या यंत्रासाठी चाले. रागिणी कौतुकाने म्हणे, यापेक्षा सवत बरी, ती निदान स्वयंपाकाला तरी हात लावेल.

सकाळी माणिकबाईंची पूजा होईपर्यंत त्यांचं मौन असे. तेवढ्या वेळात शेखर यंत्रावरच्या नोंदी वाचे. कोण आलं, कुठून आलं, कोणतं दार उघडायचा प्रयत्न केला, सगळं तिथे लिहिलेलं असतं. रोज जगाच्या पाठीवरून अनोळखी कोणीतरी दार वाजवून जायचं. मौन सुटलं की माणिकबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला, "आला होता का रे कोणी?" आणि शेखर हसून सांगे, आले होते, पण दारं लागलेली आहेत.

या सर्व्हरमध्ये एक आतली खोली होती, म्हणजे वेगळ्या पासवर्डने बंद केलेला भाग. ती कल्पना शेखरची मामेबहीण आचल हिची होती.

आचल म्हणजे माणिकबाईंचे धाकटे भाऊ खुशालराव यांची मुलगी. गाव अचलपूर, पण नोकरी अमरावतीला एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये. तिथे तिने सिकलसेल या आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची लेकरं पाहिली होती, सांधे धरून कळवळणारी. आईवडिलांपैकी एकच जण या आजाराचा वाहक असेल तर मुलांना हा आजार होत नाही. वाहक माणूस स्वतः बहुधा धडधाकट असतो, त्याला कळतसुद्धा नाही. पण दोन वाहकांचं लग्न झालं तर त्यांच्या मुलाला आजार होऊ शकतो. आचलचं म्हणणं साधं होतं. पत्रिका पाहता, तसं एकदा रक्तही पाहा.

पण लोक तपासणीला भीत. मुलगी वाहक निघाली आणि चार जणांना कळलं, तर तिच्याशी लग्न कोण करणार? म्हणून आचल आणि शेखरने मिळून रीत ठरवली. तपासणीचा निकाल सर्व्हरच्या आतल्या खोलीत राहील. लग्न जुळत आलं आणि दोन्हीकडून विचारणा झाली, तर शेखर दोघांच्या नोंदी पाहून फक्त त्या दोघांना एवढंच सांगेल की हरकत नाही, किंवा एकदा डॉक्टरांना भेटा. तिसऱ्याला काही नाही. प्रत्येक तालुक्याच्या प्रतिनिधीला वेगळा पासवर्ड दिला गेला. घरात त्याला सगळे चावीच म्हणत. त्या चावीने नाव, गाव, शिक्षण एवढंच दिसे. आतली खोली उघडणारी मोठी चावी एकट्या शेखरजवळ होती.

पहिल्या शिबिरात आचलने सर्वांसमोर आधी स्वतःचं रक्त दिलं. ते पाहून बाकीच्या मुली पुढे आल्या. निकाल आला तेव्हा कळलं की आचल स्वतःच वाहक आहे. तिने ते शांतपणे घेतलं. घरी मात्र सांगितलं नाही. आई रुख्मिणी हळव्या मनाची, उगाच जिवाला घोर लावून घेईल, असं तिला वाटलं.

त्याच वर्षीच्या मेळाव्यात तिची अनुपशी ओळख झाली. मुलगा अमरावतीचा, बँकेत. दोघांना वडाळी तलावावर बोलायला पाठवलं, तेव्हा आचलने आवडीनिवडीच्या आधी आपण वाहक असल्याचंच सांगितलं. अनुपने दुसऱ्या दिवशी स्वतःचं रक्त तपासून घेतलं. त्याला काही नव्हतं. मग अडचण कसली, तो म्हणाला. माघातलं लग्न ठरलं. रुख्मिणी रुखवताच्या तयारीला लागली.

खुशालराव समाजाच्या अचलपूर शाखेचे अध्यक्ष होते. परतवाड्याच्या रस्त्यावर त्यांचं बियाण्यांचं दुकान. मनाने उदार माणूस. कोणाचं लग्न अडलं, कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं, तर आधी खुशालरावांना फोन जायचा. फक्त मानाच्या बाबतीत ते फार हळवे होते. एका बैठकीनंतर चहाच्या टपरीवर कोणीतरी त्यांना हसत हसत टोमणा मारला, "खुशालराव, अध्यक्ष तुमी अन् कुलूप भाच्याचं? त्यानं तं तुमाले ओसरीवरच बसोलं." सगळे हसले. खुशालरावही हसले. पण ते वाक्य त्यांच्या मनातून गेलं नाही.

भाऊबीजेला ते अकोल्याला आले. माणिकबाईंनी पाटाभोवती रांगोळी काढली, भावाला ओवाळलं. त्यांनी ताटात पैठणीची घडी ठेवली. मग पाटावरून न उठता ते शेखरकडे वळून म्हणाले, "भाच्या, आज मी बहिणीले देल्लं. आता तू मले दे. मोठी चावी दे."

शेखरने समजावून पाहिलं. तो म्हणाला, मामा, तुमच्या कामाचं सगळं तुमच्या चावीत आहे, आत फक्त रक्ताच्या नोंदी आहेत, त्या मीसुद्धा कारण नसताना पाहत नाही. खुशालरावांनी ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "म्हंजे मी चोर हाय का?"

ओवाळणीच्या ताटातलं निरांजन अजून जळत होतं. माणिकबाईंनी मुलाकडे पाहिलं. त्या नजरेत एवढंच होतं की आजच्या दिवशी माझ्या भावाला पाटावरून दुखावून उठवू नको. शेखरला ठाऊक होतं की आत दुसऱ्या मुलींबरोबर आचलचीही नोंद आहे, आणि ती मामांना माहीत नाही. तरी त्याने मामांचा मोबाईल हातात घेतला आणि मोठी चावी त्यात लिहून दिली. खुशालरावांचा चेहरा उजळला. त्या दिवशी ते दोन पुरणपोळ्या जास्त जेवले.

दिवाळीनंतर चावी बदलून टाकू, असं शेखरने मनाशी ठरवलं होतं. पण बदलली तर मामांना कळणार, दार पुन्हा लागलं. मग आणखी मोठा राग. म्हणून आज करू, उद्या करू, असं ते राहत गेलं. रोज सकाळी तो बाहेरून येणाऱ्यांच्या नोंदी मात्र डोळ्यांत तेल घालून वाचत होता.

तुळशीची लग्नं झाली आणि स्थळांची ये-जा सुरू झाली. दर्यापूरहून खुशालरावांच्या साडूंचा फोन आला. त्यांच्या मुलासाठी, चंदनसाठी, अंजनगावची दामिनी नावाची मुलगी पाहिली होती. मुलगी पसंत होती. साडू म्हणाले, तुमच्या हातात तर सगळं आहे, पोरीत काही कमी-जास्त तर नाही ना, एवढं पाहून सांगा.

नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. खुशालरावांनी दुकानातल्या कॉम्प्युटरवर मोठी चावी चालवली आणि आतली खोली उघडली. समोर शिबिराचं पान आलं. बारीक इंग्रजी अक्षरं, वाहक असेल तिथे लाल खूण. त्यांनी दामिनीचं नाव शोधलं. पुढे लाल खूण होती. त्यांनी मोबाईलने त्या पानाचा फोटो काढला आणि साडूंना पाठवला. वर लिहिलं, फक्त तुमच्यासाठी, कोणाला दाखवू नका.

साडूंनी खुशालरावांना न सांगताच अंजनगावला नकार कळवला आणि तो फोटो बायकोला दाखवला. तिने भावाला पाठवला, त्यालाही एक मुलगा होता. भावाने मित्राला पाठवला. प्रत्येकाने पुढे पाठवताना काळजीनेच पाठवला, आणि प्रत्येकाने लिहिलं, कोणाला दाखवू नका.

पौष संपत आला होता. दुपारची वेळ. रुख्मिणी अंगणात बसून रुखवताच्या रुमालावर मोर विणत होती, आणि अनुपच्या आईचा फोन आला. त्या म्हणाल्या, आम्हाला फसवलंत. मुलीला रक्ताचा आजार आहे आणि तुम्ही चकार शब्द काढला नाही. साऱ्या समाजात फोटो फिरतो आहे, त्यात तिचं नाव आहे. आमच्याकडून हे लग्न मोडलं समजा.

रुख्मिणीला काहीच कळेना. तिने अमरावतीला मुलीला फोन लावला आणि रडत एवढंच विचारलं, "तुले काय झालं व बाई? मले काहून नाई सांगतलं?"

आईला आपल्या लेकीबद्दल परक्या बाईकडून कळावं! आचल त्याच दुपारी एसटीने अचलपूरला आली. आईला जवळ घेऊन तिने समजावलं की मला काही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे. रात्रभर रुख्मिणी मुलीच्या हातापायांवरून हात फिरवत राहिली, जणू दुखतं कुठे ते तिला शोधायचं होतं.

दुसऱ्या दिवशी अनुपचा फोन आला. घरचे काही ऐकत नाहीत, तो म्हणाला. आत्या, काका सगळे जमले आहेत. आचलने विचारलं, "तुला आधीपासून माहीत होतं, तुझं रक्त तपासून झालंय, हे तू त्यांना सांगितलंस का?"

मग तो म्हणाला, "आता सांगून काय उपयोग आहे, आचल?"

तिने फोन ठेवून दिला. पुन्हा त्याला केला नाही. रुख्मिणीने अर्धा विणलेला मोर सुईसकट ट्रंकेत घालून ठेवला.

खुशालराव संतापले होते. त्यांचा सगळा राग अकोल्याकडे वळला. रुख्मिणीला आणि आचलला घेऊन ते जठारपेठेत आले आणि चपला काढायच्या आधीच दारात ओरडले, "फुटलं तुझं यंत्र! माया पोरीचं वाटोळं केलं त्यानं. घरी ठेवतो म्हणे! चोर घुसला तवा तू झोपला होता का?"

शेखर उभा राहिला. दोन दिवस त्याने अन्न घेतलं नव्हतं. फोटोची बातमी कानावर आली तेव्हापासून तो नोंदी पाहत होता. बाहेरचा एकही माणूस आत आला नव्हता, सगळी दारं जशीच्या तशी होती. आतली खोली त्याच्याशिवाय एकदाच उघडली गेली होती, भर दुपारी, मोठ्या चावीने, अचलपूरहून. वाचलं तेव्हाच त्याला समजलं होतं. तरी देवाला हात जोडून तो म्हणत होता, माझं वाचण्यात चुकलेलं असू दे.

माणिकबाई म्हणाल्या, जे असेल ते सांग.

"मामा," तो म्हणाला, "बाहेरून कोणी आलं नाही. माझ्या चावीनं उघडलं आहे. अन् माझी चावी माझ्याशिवाय फक्त तुमच्यापाशी हाय."

खुशालराव म्हणाले, शक्य नाही. मी फक्त एकदा पाहिलं, तेही साडूच्या पोरासाठी, त्या अंजनगावच्या मुलीचं. तिच्याशिवाय मी कोणाचं काही पाठवलं नाही. आणि खात्री पटवायला त्यांनी खिशातून मोबाईल काढला, साडूंना पाठवलेला फोटो उघडला, दामिनीच्या नावावर बोट ठेवून शेखरसमोर धरला. शेखरने पाहिलं आणि मान खाली घातली.

मग खुशालरावांनी स्वतः पाहिलं. त्यांनी चष्मा सावरला. फोटो मोठा केला. बोट दामिनीच्या नावावरून खाली उतरलं, एक ओळ, आणखी एक ओळ, आणि थांबलं. तिथे त्यांचंच आडनाव होतं. पुढे लाल खूण.

ते मटकन खाली बसले. दारातच, चपलांजवळ. मोबाईल हातात तसाच राहिला. "म्या पायलंच नाई," ते म्हणत राहिले. "म्या तं त्या पोरीचं पायत होतो. म्या खाली पायलंच नाई व..."

एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा रडू लागला. रुख्मिणी पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. आचल पुढे झाली आणि वडिलांच्या समोर जमिनीवर बसली. तिने त्यांचे हात हातात घेतले. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते शब्द जास्त लागले.

"बाबा, एक सांगा. माझं नाव त्या पानावर नसतं, तं तुमी आज रडले असते का?"

खुशालरावांनी वर पाहिलं.

"दामिनीचं नाव तं तुमी पायलं होतं ना? ते पाहूनच तं फोटो धाडला. तिचं लग्न मोडलं, ते तुमाले मायतसुद्धा नाई. तिलेही बाप हाय, बाबा. म्या तिच्या हाताले सुई लावली तवा तिले वचन देल्लं होतं. अनुपले सांगाचं होतं, ते म्या सांगतलं होतं. तिनंही सांगतलं असतं. कोणाले सांगाचं अन् कवा सांगाचं, ते तिचं होतं. तुमचं नव्हतं."

मग ती शेखरकडे वळली. "अन् दादा, तुमचंही नव्हतं. बाबा रुसले असते तं रुसू द्यायचे होते."

जगभरातून आलेल्या चोरांना शेखरने दारात अडवलं होतं, आणि पाटावर बसलेल्या माणसाला मात्र स्वतःच्या हाताने आत नेऊन सोडलं होतं.

इतका वेळ माणिकबाई देवघराच्या उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. त्या कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशीही चढवला नाही.

"खुशाल, तुले एकट्याले बोलून मी सुटत नाई," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी पाटापाशी मी होती. पोरगा नाई म्हणून राहिला होता, अन् म्याच त्याच्याकडं तसं पायलं. मले भावाचा मान दिसला. मान द्याचाच होता तं टोपी-दुपट्टा देता आला असता. पयला घास तुया ताटात वाढता आला असता. ते आपल्या घरचं होतं. दुसऱ्याच्या लेकीनं भरवशानं आपल्याजवळ ठेवलेलं, ते काय आपल्या घरचं पक्वान्न हाय, पाहुण्यापुढं वाढाले? मी रोज देवापाशी दिवा लावतो म्हणतो, अन् एवढं मले समजलं नाई. कोणी आपल्याजवळ मन मोकळं करते, तवा ते आपलं होत नाई रे. ते तिचंच राह्यते. आपुन नुसते राखणदार. अन् राखणदारानं आपल्या सोयऱ्याले आत सोडलं, तं चोरानं काय वाईट केलं?"

रागिणीने ठेवलेला चहा तसाच निवत गेला.

बऱ्याच वेळाने खुशालराव उठले आणि म्हणाले, मला अंजनगावला जायचं आहे.

शेखर त्यांच्यासोबत गेला. दामिनीचे वडील देवमन पानमळ्यातून नुकतेच घरी आले होते. खुशालरावांनी ओट्यावर बसून सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. ते म्हणाले, फोटो मी काढला, मी पाठवला, तुमच्या लेकीचं लग्न मी मोडलं. देवमन ओरडले नाहीत. आतून पाण्याचा तांब्या आणून त्यांनी पाहुण्यांसमोर ठेवला. दामिनी बाहेर आली नाही. आतल्या दारामागे बांगड्यांचा आवाज झाला आणि थांबला. ती आता मैत्रिणींकडेही जात नाही, देवमन म्हणाले, विहिरीवर बाया विचारतात, तुला काय झालं म्हणून.

खुशालरावांनी हात जोडले. म्हणाले, सांगाल ते करतो.

देवमननी थोडा विचार केला आणि विचारलं, "एवढंच सांगा, भाऊ. तो फोटो आता कोणाकोणाजवळ हाय?"

खुशालराव पाणी तसंच ठेवून उठले.

पुढच्या बैठकीत त्यांनी सर्वांसमोर अध्यक्षपद सोडलं. ज्याने टपरीवर टोमणा मारला होता तोही तिथे होता. खुशालराव म्हणाले, मला चावीत मान दिसला, म्हणून मी ती मागितली. आता माझ्याजवळ ती नाही, आणि पुढच्या अध्यक्षालाही मागू देऊ नका. ज्यांच्याजवळ तो फोटो आहे त्यांनी इथेच, माझ्या डोळ्यांसमोर पुसून टाका. काही हात खिशात गेले, काही मोबाईल निघाले, काही निघाले नाहीत.

शेखरने रीत बदलली. आतली खोली आता दोन चाव्यांशिवाय उघडत नाही. एक त्याच्याजवळ, दुसरी अमरावतीच्या एका डॉक्टरबाईंजवळ, ज्या या समाजाच्या नाहीत आणि कोणाच्या नात्यातल्याही नाहीत. एकट्या शेखरलाही आता ती खोली उघडता येत नाही. कोणी रुसलं तर तो रुसू देतो. मामांचे पाय धरताना त्याच्या डोळ्यांत पाणी असतं, पण चावी तो देत नाही, आणि मामाही मागत नाहीत. दामिनीच्या घरच्यांनी तिची नोंद पुसायला सांगितली, तेव्हा दोन्ही चाव्या लावून शेखरने ती पुसली. त्या यंत्रातून तिचं नाव गेलं. बाकी कुठून गेलं, ते देवालाच ठाऊक.

आचलचं लग्न झालं नाही. अनुपचं झालं, दुसरीकडे. ती सुट्टीच्या दिवशी अजूनही गावोगावी शिबिरं घेते. पूर्वी मुली रांगेत उभ्या राहायच्या, आता दोन-चार येतात. परवा पथ्रोटच्या शिबिरात एक मुलगी आली, बाही वर करून खुर्चीवर बसली, आणि तिने विचारलं, "ताई, तुमचंच नाव बाहेर गेलं होतं ना?"

आचल हो म्हणाली. कसं गेलं तेही तिने खरंखरं सांगितलं, आणि आता काय बदललं आहे तेही. मुलीने सगळं ऐकून घेतलं. तिला पटलं असावं, कारण तिने मान हलवली. मग बाहीची घडी हळूहळू खाली केली. "पुढच्या टायमाले देतो ताई," असं म्हणून ती उठून गेली. तिचं लग्न पुढच्या महिन्यात होतं. लेकीला मदत म्हणून आलेले खुशालराव शिबिराच्या दारापाशी सतरंजी घालून बसले होते. आपल्यासमोरून जाणाऱ्या त्या मुलीला थांबवायला त्यांनी तोंड उघडलं, पण कोणत्या तोंडाने थांबवणार? ते तिच्याकडे पाहत राहिले.

बंधू-भगिनींनो, आपण चोरांना भितो. कुलपं आणतो, दारं पक्की करतो. ते करायलाच हवं. पण भरवसा बहुतेक वेळा आपल्या माणसाच्या हातूनच जातो, प्रेमापोटी, काळजीपोटी, भिडेपोटी. कोणाचा आजार, कोणाचा नंबर, कोणाच्या घरातलं दुःख आपल्याजवळ आलं असेल, तर ते आपल्याजवळच थांबू द्यावं. मागणारा कितीही जवळचा असो, त्याला हात जोडून नाही म्हणावं. त्याचा राग आज ना उद्या जाईल. आणि दुसऱ्याच्या मुलीचं नाव पुढे पाठवायला बोट उचललं जाईल, तेव्हा तिच्या बापाला काय वाटेल हे आधीच मनात आणावं. खुशालरावांना ते कळलं, पण स्वतःच्या मुलीचं नाव वाचल्यावर. आपल्यावर तशी वेळ येऊ नये.